पोटात लेन्स असलेला छोटा कॅमेरा: जुना घेण्याआधी कसा पारखायचा

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला आणि फराळाचं ताट संपायच्या आत त्यानं मोबाईलवर एक फोटो पुढं केला. "मामा, असला कॅमेरा बेळगावात मिळेल काय? लेन्स बाहेर येत नाही बघ याची." असला म्हणजे साबणाच्या वडीएवढा, पुढची झडप खाली सरकवली की चालू होणारा, वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा आम्ही त्याला खेळणं म्हणायचो. आता कॉलेजची पोरं तोच हुडकत फिरतात.

मिळतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या काचेखाली, बंद पडत आलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात, निपाणी-चिकोडीकडं लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्याच्या जुन्या बॅगेत. मिळण्याची अडचण नाहीच. अडचण आहे ती पारखण्याची. साध्या कॅमेऱ्याची लेन्स बिघडली की बाहेरून कळतं: नळी वाकडी दिसते, वाळू गेली तर करकर वाजते, स्क्रीनवर लेन्सच्या चुकीचा निरोप येतो. या कॅमेऱ्याचं सगळं पोटात. तोंडावरून ठणठणीत, आत काय ते देव जाणे. म्हणून इथं कॅमेऱ्याकडं कमी आणि त्यानं काढलेल्या फोटोकडं जास्त बघायचं. तेही दुकानात नाही, घरी.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

माझ्याकडं असला एक मेलेला कॅमेरा होता, तो एकदा जेवणाच्या टेबलावर उघडला. (तुम्ही उघडू नका. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट बसून राहतात, आणि ते कसे लागतात हे मी अनुभवानं सांगतोय.) पुढच्या काचेमागं करंगळीच्या नखाएवढा एक काचेचा तुकडा तिरका बसवलेला होता. तो प्रिझम. प्रकाश समोरून आत येतो, प्रिझमवर आपटून काटकोनात खाली वळतो, मग कॅमेऱ्याच्या उंचीत एकाखाली एक रचलेल्या भिंगांतून उतरतो आणि तळाशी उताण्या पडलेल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चकतीवर, पोचतो. झूम केलं की भिंगं पुढंमागं न होता वरखाली होतात, कारण कॅमेऱ्याच्या जाडीत जागा नाही, उंचीत आहे. काही मॉडेलांत हीच रांग आडवी असते, एवढाच फरक.

हे पहिल्यांदा बाजारात नीट जमवलं मिनोल्टानं. २००२ सालचा त्यांचा डिमाज एक्स जेमतेम २० मिमी जाड होता आणि त्यात ३७ ते १११ मिमीचा, म्हणजे तिप्पट झूम होता. पुढच्याच वर्षी सोनीचा टी१ आला, ५ मेगापिक्सेलचा, आणि भाच्याच्या मोबाईलवरचा फोटो त्याच घराण्यातला होता. पाण्यात चालणारे कॅमेरेही याच वाटेनं गेले, कारण बाहेर येणारी नळी नसली की पाणी आत शिरायची मोठी वाट आपोआप बंद होते. ऑलिम्पसच्या टफ मालिकेतला २०१९ चा टीजी-६ आणि त्याच मालिकेतला, पण ओएम सिस्टिम या नावानं आलेला २०२३ चा टीजी-७ यांच्याही पोटात अशीच वळलेली लेन्स आहे. आणि हल्ली महागड्या फोनमध्ये पेरिस्कोप म्हणून मिरवतात ते दुसरं काय? तीच युक्ती, अजून बारीक केलेली.

आता या वळणाची किंमत. एक तर प्रिझम छोटा, त्यामुळं प्रकाशाची वाट अरुंद. टी१ ची लेन्स रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, एफ ३.५ आणि पूर्ण झूमवर एफ ४.४ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). टीजी-६ ची सुरुवात एफ २ पासून होते. म्हणजे रुंद बाजूला टीजी-६ टी१ च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश आत घेतो. दुसरं, प्रिझम केसभर जरी कलला तरी फोटोची एक बाजू मऊ पडते. कॅमेरा एकदा जोरात पडलेला असेल तर तो कललेला असू शकतो, आणि दुकानदार ते सांगणार नाही. बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. तिसरं, लेन्स बहुधा वरच्या कोपऱ्यात असते, म्हणजे नेमकी आपलं डावं बोट जिथं सवयीनं जातं तिथं. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मी रात्रभर फोटो काढले आणि सकाळी बघतो तर निम्म्या फोटोंत एका कोपऱ्यात गुलाबी ढग. ढग कसला, माझंच बोट. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, पण विकत घेण्याआधी हातात धरून बघा, तुमच्या पंजाला तो मानवतो का.

चांगली बाजूही सांगायला हवी. नळी आतबाहेर होत नसल्यामुळं ती भात्यासारखी हवा ओढत नाही आणि धूळही कमी जाते. चालू केला की लगेच तयार.

दुकानात जाताना खिशात काय न्यायचं

स्वतःचं कार्ड. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पण कुठलं कार्ड ते आधी बघा. सोनीच्या २०१० च्या आधीच्या छोट्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, जुन्या ऑलिम्पसना एक्सडी. ही कार्डं सहज मिळत नाहीत. विकणारा कार्ड देत नसेल तर कॅमेऱ्याचा भाव त्या हिशेबानं खाली आलाच पाहिजे. एसडी चालणारा असला तरी २००६ च्या आधीचा कॅमेरा २ जीबीच्या वरचं कार्ड वाचत नाही. दुकानदार ३२ जीबीचं घालून "कार्ड एरर दाखवतंय, कॅमेराच गेलाय" म्हणून स्वस्तात द्यायला तयार झाला, असंही माझ्यासमोर घडलंय. मी गप्प बसलो आणि घेतला.

शिवाय टॉर्चवाला मोबाईल, चष्मा पुसायचं कापड आणि एक रुपयाचं नाणं न्या. नाणं कशाला ते पुढं येईल.

कॅमेऱ्याची बॅटरी बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटानं फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे. बॅटरीच्या खाचेतले पितळी संपर्क हिरवट झालेत का बघा. चार्जर मूळचा आहे का विचारा, बाकी सोपं.

टॉर्च

कॅमेरा बंद असतानाच झडप उघडता आली तर उघडा, नाहीतर चालू करून लगेच बॅटरी काढा, म्हणजे झडप उघडी राहील. आता मोबाईलचा टॉर्च बाजूनं, तिरका, लेन्सवर मारा आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं बघा. साध्या लेन्समध्ये सरळ आत दिसतं. इथं विहिरीच्या काठावर आरसा धरून तळ बघतोय असं वाटतं: समोर बघताय, दिसतंय मात्र खालचं. डोकं हळूहळू हलवा. आधी बाहेरची काच दिसेल, मग प्रिझमचा तिरका पृष्ठभाग, मग खालच्या भिंगाच्या कडा.

काय शोधायचं? बाहेरच्या काचेवरचे बारीक ओरखडे फारसे नडत नाहीत. धुळीचे दोनचार कण तर नाहीच. पण कोळ्याच्या जाळीसारखे, मुळं फुटल्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या भागात हा खरा रोग आहे. अथणीकडच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेला कॅमेरा कोरा निघतो, आणि खानापूर-कणकुंबीकडचा दोन पावसाळ्यांत जाळं धरतो. म्हणून कॅमेरा कुठून आला हे बोलता बोलता काढून घ्या. साध्या लेन्सची बुरशी एखादा जुना मेकॅनिक साफ करून देतो. इथं प्रिझम आणि भिंगं एकाच ठोकळ्यात बंद असतात, ठोकळा उघडला की पुन्हा सरळ बसत नाही. बुरशी दिसली की कॅमेरा खाली ठेवा आणि चहा पिऊन या.

कान लावा

आता चालू करून कॅमेरा कानाशी धरा आणि झूम पूर्ण आत, पूर्ण बाहेर, असं चारपाच वेळा करा. मंद, एकसारखा सूं आवाज ठीक. अडखळला, टकटक झाली तर आतल्या चक्रांचे दात झिजलेत. बंद असताना हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर लगेच घाबरू नका. हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा असलेल्या मॉडेलांत तो तरंगता भाग वाजतो. चालू केल्यावर तो आवाज थांबला पाहिजे.

यानंतर एक गोष्ट करा, जी बहुतेक जण करत नाहीत. कॅमेरा आडवा धरून झूम करा, मग उभा धरून, मग पूर्ण उलटा. भिंगं वरखाली सरकणारी असली तर कॅमेरा आडवा धरल्यावर मोटारीला त्यांचं वजन उचलावं लागतं, उभा धरल्यावर लागत नाही. मोटार थकलेली असेल तर तीच लेन्स एका स्थितीत झटकन जाते आणि दुसऱ्या स्थितीत रेंगाळते. प्रत्येक स्थितीत एकाच पाटीवर फोकस करून फोटो काढून ठेवा. हेही घरी बघायचं.

कौलांची परीक्षा

आता मुख्य काम. यासाठी मला आवडतं ते मंगळुरी कौलांचं छप्पर. एकसारखी, ठळक कडांची, ओळीत बसवलेली कौलं. एक कोपरा मऊ पडला तर लगेच डोळ्यात भरतो. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत गच्चीवर उभं राहिलं की समोर हवी तेवढी मिळतात. नसली तर विटांची भिंत घ्या, नाहीतर वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीला चिकटवा. पान घेतलं तर ते ताणून बसवा, कारण फुगलेल्या कागदाचा दोष लेन्सच्या माथी जातो.

दुकानदार अर्ध्या तासासाठी कॅमेरा न्यायला देत नसेल तर समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर भागवा. सकाळी लवकर गेलात तर बंद दुकानांची शटरं आहेतच. त्यांच्या आडव्या पट्ट्यांत रेषा बाहेर फुगतायत का तेही दिसून जातं.

कठड्यावर कॅमेरा टेका. आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून घेण्याचा आकडा, १०० किंवा असेल तो सगळ्यात कमी. फ्लॅश बंद. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. रुंद, मधला आणि पूर्ण, अशा तीन झूमवर प्रत्येकी तीन फोटो. तीन यासाठी की छोट्या कॅमेऱ्याचा फोकस एखादवेळी चुकतो. एकाच फोटोवरून निकाल द्यायचा नाही. मग कॅमेरा उलटा, डोक्यावर उभा करून तेच सगळं पुन्हा. एकूण अठरा फोटो.

दुकानदार म्हणतोच, "बघा की वो, फोटो कसा फस्क्लास येतोय!" आणि स्क्रीनवर तो खरोखर फस्क्लास दिसतो. अडीच इंचाच्या स्क्रीनवर कुठलाही फोटो फस्क्लासच दिसतो. मी याच वाक्यावर एकदा फसलोय. घरी येऊन संगणकावर मोठा केला तर उजवा खालचा कोपरा सगळ्या फोटोंत ताकात बुडवल्यासारखा.

म्हणून घरी संगणकावर फोटो शंभर टक्के आकारात उघडा आणि चारही कोपरे एकेक करून मधल्या भागाशी ताडून बघा. रुंद बाजूला चारही कोपरे थोडे मऊ असतील तर चालतं, ही लेन्सची जातच तशी. चारही सारखे मऊ, ही लेन्सची मर्यादा. एकच मऊ, हा बिघाड. पण बिघाड ठरवण्याआधी उलटे काढलेले फोटो बघा. समजा सरळ फोटोत उजवा खालचा कोपरा मऊ होता. उलट्या फोटोतही कौलांचा तोच भाग मऊ असेल, तर कॅमेरा निर्दोष आहे, तुम्ही छपराला तिरके उभे होता. पण मऊपणा जागा बदलून कौलांच्या समोरच्या टोकाला गेला, तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरला. प्रिझम किंवा एखादं भिंग कललंय. यावर इलाज नाही.

रुंद बाजूला चांगला आणि पूर्ण झूमवर एकदम भिकार, असंही होतं. तुम्ही झूम वापरणार नसाल तर तेवढ्यासाठी सोडू नका.

उन्हात आणि अंधारात

प्रिझममुळं आत काचेचे जास्तीचे पृष्ठभाग असतात, म्हणून उजेड समोरून आला की फोटोवर पांढुरका पडदा चढू शकतो. सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर राहील असा फोटो काढा. मग दुसऱ्या हातानं लेन्सवर सावली धरून तोच पुन्हा. मग पुढची काच कापडानं पुसून सावलीशिवाय तिसरा. पुसल्यावर पडदा गेला तर तो बोटांच्या तेलाचा होता, आणि बहुधा तेच असतं, कारण या कॅमेऱ्यांच्या काचेवर बोट हमखास पडतं. पुसूनही पडदा तसाच आणि सावली धरली की फोटो लख्ख, तर आत धुरकटपणा असण्याची शक्यता आहे. टॉर्चनं पुन्हा बघा. जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर दिव्यावरून जांभळट उभी रेघ दिसते, तिचा लेन्सशी संबंध नाही, ती सेन्सरची खोड.

अंधारासाठी किल्ल्यातल्या कमल बसदीसारखी जागा नाही. १२०४ च्या सुमाराची ही जैन बसदी, म्हणजे मंदिर. आत गुळगुळीत घडीव खांब आणि छताला ते दगडी कमळ. दारातून येणारा उजेड थोडा, आत गारवा आणि काळोख. ट्रायपॉड नेऊ नका, तिथल्या माणसाला विचारून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा. कमळाच्या पाकळ्या वेगळ्या दिसतात की कॅमेऱ्यानं सगळं रंगाच्या कुंचल्यानं सारवल्यासारखं केलंय, हे बघायचं. नखाएवढा, साधारण ६.२ × ४.६ मिमीचा सेन्सर, म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. त्यात एफ ३.५ ची लेन्स. चमत्कार होणार नाही. टी१ च्या पिढीकडून आयएसओ २०० च्या वर काही मागूच नका. टीजी-६ तिथं थोडं निभावून नेतो.

अजून एक. मॅन्युअलचा पर्याय आहे म्हणून हुरळून जाऊ नका. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहानमोठं होतच नाही, उजेड कमी करायला आत एक करडी काच सरकते. आकडा एफ ८ दाखवला तरी मागचंपुढचं जास्त स्पष्ट होत नाही.

नाणं आणि बादली

आता ते रुपयाचं नाणं. मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या फोटोच्या सोयीवर, ठेवून जितकं जवळ जाता येईल तितकं जा. टीजी-६ लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली नाण्यावर पडते, ती टाळून नाणं पूर्ण उजेडात येतं का, आणि अक्षरांच्या कडा धारदार येतात का, बघा. जांबोटी-चोर्ल्याकडं पावसात बेडूक, शेवाळ, अळंबी काढणाऱ्याला बाकी सगळ्यापेक्षा ही परीक्षा जास्त कामाची.

पाण्यात चालणारा घेत असाल तर डब्यावर काय लिहिलंय ते विसरा. टीजी-६ नवा असताना १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, खरं आहे. पण दुसऱ्याच्या हातात पाच वर्षं राहिलेल्या कॅमेऱ्याची खोली शून्य धरायची आणि तिथून वर यायचं. बॅटरीच्या झाकणाची रबरी कडा भिंगानं बघा: एक केस, वाळूचा एक कण, एक चीर पुरे. मग बॅटरी आणि कार्ड काढा, खाचेत टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा ठेवा, झाकण बंद करून बादलीत दहा मिनिटं बुडवा. बाहेर काढून पूर्ण पुसा, मगच उघडा. कागद जरासा ओला झाला तरी हा कॅमेरा गोकाकच्या धबधब्याच्या तुषारांतही नेऊ नका, पोहायचं सोडाच. कागद कोरडा निघाला तरी बटणांखालून पाणी जात नाही असं नाही. तुषार, पाऊस, चिखल एवढ्यावर भागवा. आणि विकणाऱ्याच्या समोर ही बादली करू नका. आधी करार करा की दोन दिवसांत परत करता येईल, मग घरी करा.

भाव

एक मऊ कोपरा असला तरी मी नेहमी परत देत नाही. मॅक्रोत विषय मधे असतो, कोपऱ्याकडं कोण बघतंय? पण तो कोपरा दाखवून भाव पाडायला कामी येतो, आणि त्यासाठी कौलांचा फोटो मोबाईलमध्ये मोठा करून नेणं उत्तम. भाच्यासाठी बघितलेल्या चार कॅमेऱ्यांपैकी एकाला बुरशी, एकाची मोटार उभी धरल्यावरच चालायची, एकाला कार्डच नाही. चौथ्याचा डावा वरचा कोपरा गेलेला. दुकानदाराला फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आता तुम्ही दाखवलासा म्हणून दिसूलंय. नाहीतर कुणाला दिसतंय वो?" तिनशे रुपये कमी केले. भाच्यानं तोच घेतला, कोपऱ्यासकट. सिलिका जेलच्या दोन पुड्या मी त्याच्या डब्यात घालून दिल्या, आणि महिन्यातून एकदा त्या उन्हात तापवायला सांगितल्या.